थाई मेसेजमधला 'तो' नेमका कोण? सर्वनामं मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: थाई मैत्रिणीचा 'लाईन' या चॅट अ‍ॅपवर आलेला मेसेज फोनवरच्या भाषांतरात 'ते स्वतःची वाट पाहत आहेत' असा दिसतो. हे 'ते' कोण, आणि स्वतःची वाट कशी पाहतात? मूळ वाक्य देवनागरीत लिहिलं तर असं होतं: 'खाव रॉ तुआएंग यू न'. उत्तर आधी देऊन टाकतो. इथे तिसरं माणूस कुणी नाही. तिनं लिहिलंय, 'मी तुझी वाट बघतेय ना.' आणि ही सलगीची भाषा आहे. ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला कुणी असं लिहीत नाही.

यंत्र चुकलं, पण उगाच नाही चुकलं. 'खाव'चा कोशातला अर्थ 'तो, ती, ते लोक' असाच आहे आणि 'तुआएंग'चा 'स्वतः' असाच. थाई क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष यांतलं काहीच चिकटत नाही. 'मा' म्हणजे आलो, आली, येतात, ये, यांपैकी काहीही. मराठीतही आपण कर्ता सर्रास गाळतो, पण 'पोहोचलो' म्हटलं की कोण ते क्रियापदच सांगतं. थाईतलं 'थुंग लॅव' एवढंच सांगतं, की पोहोचणं झालं. त्यात सर्वनाम म्हणून येणारे बरेचसे शब्द पुरुषाला बांधलेलेच नाहीत, नात्याला बांधलेले आहेत. 'फी' म्हणजे थोरलं भावंड. धाकट्यानं थोरल्याशी बोलताना वापरला तर 'तुम्ही', थोरल्यानं धाकट्याशी वापरला तर 'मी', आणि दोघं तिसऱ्या कुणाबद्दल बोलत असतील तर 'तो' किंवा 'ती'. म्हणून सुट्या वाक्यावर डोकं घालण्यात अर्थ नाही. कोण कुणाला काय म्हणतं हे आधी संपूर्ण संवादातून ठरवायचं, वाक्याला हात नंतर.

त्यासाठी हातात किमान मागचे तीस-चाळीस मेसेज हवेत, तेही दोन्ही बाजूंचे. स्क्रीनशॉट असतील तर ते कुणाच्या फोनवरून काढलेत हे पहिल्यांदा विचारा. स्वतःचे मेसेज उजवीकडे आणि समोरच्याचे डावीकडे दिसतात. कड कापलेला स्क्रीनशॉट आला की बोलणाराच बदलून जातो आणि पुढचं सगळं उलटं होतं. मग एका कागदावर प्रत्येक माणसासाठी चार गोष्टी लिहा: स्वतःला काय म्हणतो, समोरच्याला काय म्हणतो, वाक्याच्या शेवटी 'ख्रप' लावतो की 'खा' (दोन्ही अदबीसाठी जोडायचे शब्द), आणि तिसऱ्यांचा उल्लेख कसा करतो. ही यादी सहसा पाच-सहा ओळींत संपते. मात्र ती नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

शेवटच्या शब्दांबद्दल एक सावधगिरी. 'ख्रप' पुरुष लावतो आणि 'खा' स्त्री, हे साधारणपणे खरं. पण आई किंवा शिक्षिका लहान मुलाशी बोलताना लाडानं 'ख्रप' म्हणते, आणि 'खा' लावणारी प्रत्येक व्यक्ती जन्मानं स्त्री असतेच असं नाही. शिवाय 'खा'ची दोन लेखनं आहेत, एक विधानासाठी आणि एक प्रश्नासाठी, आणि खुद्द थाई माणसं त्यांची इतकी गल्लत करतात की तेवढ्यावरून हा प्रश्न आहे की विधान ते ठरवू नये. प्रश्नचिन्हही थाईत बहुधा घालत नाहीत. प्रश्न ओळखायचा तो 'माय', 'यंग', 'रू प्लाव' अशा प्रश्नार्थक शब्दांवरून.

आता 'खाव'कडे सविस्तर बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तोच घालतो. त्याची दोन लेखनं चालतात. एक 'खो खाय'नं, म्हणजे अंड्याच्या 'ख'नं, आणि दुसरं 'खो ख्वाय'नं, म्हणजे म्हशीच्या 'ख'नं. थाई वर्णमालेत अक्षरांना अशी नावंच आहेत. अंड्याच्या 'ख'नं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तिसरी व्यक्ती. म्हशीच्या 'ख'नं असेल तर ते 'मी'ही असू शकतं आणि 'तो'ही, कारण उच्चाराप्रमाणे लिहायच्या नादात लोक तिसऱ्या व्यक्तीसाठीही तेच लिहितात. निर्णय जोडीदार शब्दावरून होतो. त्याच माणसाच्या मेसेजमध्ये 'तुआएंग', त्याचं आखूड रूप 'तेंग', किंवा नुसतं 'तुआ' हे 'तू' म्हणून येत असेल, तर 'खाव' हा 'मी'. ही जोडी प्रेमिकांची आणि जिवलग मैत्रिणींची. बायका-मुली जास्त वापरतात, पण प्रेयसीशी बोलणारे पुरुषही वापरतात, त्यामुळे त्यावरून लिंग ठरवू नका.

'तुआएंग' 'तू' आहे की 'स्वतः', हे वाक्यातल्या जागेवरून कळतं. वाक्याच्या सुरुवातीला, क्रियापदाच्या आधी आला की 'तू': 'तुआएंग किन खाव यंग' म्हणजे 'तुझं जेवण झालं का?' (इथला 'खाव' म्हणजे भात. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, थाईत लेखनही वेगळं आणि सूरही वेगळा.) 'दूलॅ तुआएंग दुआय न' मध्ये तो क्रियापदानंतर आहे, वाक्य आज्ञार्थी आहे, तेव्हा 'स्वतःची काळजी घे'. पण 'खाव रक तुआएंग' हे वाक्य एकटं दिलं तर कुणालाच सोडवता येणार नाही. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' आणि 'त्याचं स्वतःवर प्रेम आहे' हे दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. चाळीस मेसेजचा आग्रह त्याचसाठी.

'खाव'चा आणखी एक उपयोग ध्यानात ठेवा. 'खाव पित लॅव' म्हणजे 'त्यानं बंद केलं' असं नसून दुकान बंद झालंय. 'खाव वा कन वा' म्हणजे 'असं म्हणतात'. इथला 'खाव' कुणीच नाही, त्याला मराठीत जागा देऊ नये.

'फी'कडे परत येतो. धाकट्या वयाची मुलगी आपल्या प्रियकराला किंवा नवऱ्याला 'फी' म्हणते. ते थाईत अगदी रोजचं आहे आणि मराठीत त्याचं 'दादा' केलं तर संपलंच. तिथे नाव घाला, 'तू' घाला, जुन्या वळणाचं जोडपं असेल तर 'अहो'. मित्रमंडळीत किंवा ऑफिसात वयाचं अंतर असेल तर 'ताई', 'दादा' किंवा 'सर' चालेल, अर्थात ते दोघं मराठीत बोलत असते तर काय म्हणाले असते, त्या बेतानं. 'फी'च्या पाठोपाठ 'खाव' आला, म्हणजे 'फी खाव', की तो समोरचा माणूस नव्हे. 'ते अमुक सिनियर' असा तिसऱ्याचा उल्लेख. 'नॉंग खाव'चंही तसंच, फक्त माणूस वयानं धाकटं. यंत्रं इथे हमखास 'तुम्ही' करतात.

टोपणनावांचाही स्वतंत्र सापळा आहे. थाई माणूस स्वतःला नावानं संबोधतो आणि समोरच्यालाही. बऱ्याच जणांची टोपणनावं साध्या वस्तूंची किंवा प्राण्यांची असतात: नोक म्हणजे पक्षी, कुंग म्हणजे कोळंबी, फा म्हणजे आकाश. थाई लिपीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत, त्यामुळे नाव वेगळं उठून दिसत नाही. 'नोक माय वांग लऽय' याचं यंत्राकडून 'पक्षी अजिबात मोकळा नाही' होतं. (इथला 'माय' म्हणजे 'नाही', प्रश्नाचा 'माय' वेगळा.) पाठवणारी नोक असेल तर 'मला अजिबात सवड नाही', ज्याला पाठवलंय तो नोक असेल तर 'तुला सवडच नसते', आणि दोघंही नसतील तर नोक नावाची तिसरी कुणी. 'नू'चीही तीच गत. शब्दाचा अर्थ उंदीर, पण लहान मुलं आणि तरुण मुली आई-वडील, शिक्षक, वरिष्ठ यांच्यापुढे 'मी' म्हणून तो वापरतात, आणि मोठी माणसं छोट्या मुलीला 'तू' म्हणून. 'नू हिव' म्हणजे 'मला भूक लागलीय'. उंदराचा इथे काही संबंध नाही.

'राव' मराठी माणसाला लवकर कळतो. तो 'आम्ही', 'आपण', 'मी' आणि मोठ्यानं लहानाला म्हटलेला 'तू', असा चारही ठिकाणी फिरतो. आपला 'आपण' तरी कुठे एका जागी बसतो? अडचण उलट्या बाजूनं येते. थाईत 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक नाही आणि मराठीत तो केल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. 'राव चा पाय' म्हणजे 'आम्ही जाणार' की 'आपण जाणार', यावरून वाचणाऱ्याला आमंत्रण आहे की नाही तेच बदलतं. खात्री नसेल तर 'जायचं ठरतंय' असं करून दोन्ही दारं उघडी ठेवा.

'कॅ' हा जवळच्या मित्रांतला 'तू' आणि वडीलधाऱ्यांबद्दल आपुलकीनं म्हटलेला 'ते, त्या'. म्हणून 'याय कॅ माय सबाय' याचे दोन अर्थ: 'तुझ्या आजीला बरं नाही' आणि 'आजीला बरं नाही, बिचारीला'. संवादात इतरत्र 'कॅ' म्हणजे 'तू' येत असेल तर पहिला. शंका असेल तर 'आजीला बरं नाहीये' पुरतं. 'कू' आणि 'मुंग' या 'मी-तू'ला कोश शिवराळ म्हणतात. शाळेपासूनच्या दोस्तांत मात्र ते रोजचे शब्द आहेत, तेव्हा तिथे शिवी घालू नका, 'अरे'युक्त 'तू' पुरे. नात्यांच्या शब्दांत आणखी एक गाठ: 'ना' म्हणजे आईचं धाकटं भावंड, मामा किंवा मावशी, 'आ' म्हणजे वडिलांचं धाकटं भावंड, काका किंवा आत्या. लिंग शब्दात नाहीच. उलट 'पा' (आई-वडिलांची थोरली बहीण) आणि 'लुंग' (थोरला भाऊ) यांत लिंग आहे, पण बाजू नाही. आत्या की मावशी, काका की मामा, ते दुसरीकडून शोधावं लागतं.

याच 'ना'मुळे होणारी गंमतही सांगायला हवी. वाक्य मऊ करणारा ऱ्हस्व 'न' (आपल्या 'ये ना'मधल्या 'ना'चा जुळा भाऊ) लाडात ओढून लिहितात तेव्हा त्याचं लेखन हुबेहूब 'मावशी'सारखं होतं. 'पाय कॉन ना' म्हणजे 'निघते हं'. भाषांतरात येतं 'आधी जाते, मावशी'. वाक्याच्या अगदी शेवटी आला आणि संवादात मावशी-मामा कुणी नसेल, तर तो लाडाचाच.

सर्वनाम मुळातच नसेल तेव्हा काय, हा खरा मोठा भाग. घरगुती मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त काम याचंच. साधारण कल असा: कर्त्याविना विधान आलं तर कर्ता बोलणारा, कर्त्याविना प्रश्न आला तर ऐकणारा. 'थुंग लॅव न' म्हणजे 'पोहोचले हं', 'थुंग यंग' म्हणजे 'पोहोचलास का?' भूक, थकवा, आठवण, वैताग असं मनातलं किंवा पोटातलं काही विधानात असेल तर ते जवळपास नेहमी बोलणाऱ्याचंच. पण आधीच्या फुग्यात (चॅटमधल्या एका मेसेजच्या चौकटीत) कुणा तिसऱ्याचा विषय सुरू असेल तर तो पुढच्या दोन-तीन फुग्यांत न सांगता चालू राहतो, नवं नाव किंवा नवा विषय येईपर्यंत. म्हणूनच मेसेज एकत्र जोडून चिकटवू नका. मूळच्या मोकळ्या जागा आणि ओळी जशाच्या तशा ठेवा, विषय बहुधा तिथेच बदलतो.

दिशादर्शक शब्दांचा आधार याहून पक्का. क्रियापदानंतर 'पाय' (जा) आला की क्रिया बोलणाऱ्याकडून दूर जाते, 'मा' (ये) आला की त्याच्याकडे येते. 'दिआव थो पाय' म्हणजे 'नंतर फोन करते', तर 'थो मा न' म्हणजे 'फोन कर हं'. 'सोंग पाय' पाठवलं, 'सोंग मा' पाठव किंवा पाठवलंय इकडे. एकही सर्वनाम नसताना कोण कुणाला ते कळतं. मात्र 'लूम पाय' (विसरून गेलो) किंवा 'किन मा लॅव' (जेवून आलो) अशा ठिकाणी हे शब्द दिशा दाखवत नाहीत. फोन, पैसे, फोटो, निरोप अशी हलणारी वस्तू असेल तेव्हाच त्यांच्यावर विसंबा.

एक पूर्ण मेसेज घेऊन बघू. पाठवणारी नोक, वाचणारी तिच्याहून मोठी सहकारी, तिला नोक 'फी' म्हणते:

'फी थुंग यंग खा. मुआवान मॅ थाम थुंग. बॉक वा खित थुंग. नोक माय वांग लऽय. फी खाव माय मा लऽय तॉंग थम खोन दिआव. दिआव थो पाय ना.'

पहिलं वाक्य प्रश्न, 'फी' म्हणजे वाचणारी. दुसऱ्यात 'मॅ' म्हणजे आई. नोकची स्वतःची आई, कारण कुणाची ते सांगितलेलं नाही. (हाच मेसेज एखाद्या आईनं मुलाला लिहिला असता तर 'मॅ' म्हणजे 'मी' झाली असती.) कुणाबद्दल विचारलं ते नाही, पण विषय वाचणारीचा चाललाय. तिसऱ्यात 'म्हणाली' कोण? आईचा विषय चालू आहे, तेव्हा आई. आठवण मनातली गोष्ट असली तरी 'बॉक वा'च्या, म्हणजे 'म्हणाली की'च्या आत असल्यामुळे तीही आईचीच. चौथ्यात नोक म्हणजे 'मी'. पाचव्यात 'फी खाव', म्हणजे दुसरी कुणी वरिष्ठ व्यक्ती. आणि एकट्यानं करावं लागतंय ते नोकला. मधला 'लऽय' इथे 'म्हणून'च्या अर्थानं आहे, चौथ्या वाक्यातला 'अजिबात'च्या अर्थाचा. शेवटी 'पाय'वरून फोन नोक करणार, आणि 'ना' मावशी नव्हे. सगळं मिळून:

'पोहोचलात का ताई? काल आई तुमची चौकशी करत होती, आठवण येते म्हणाली. मला अजिबात सवड नाही. सिनियरचं येणं झालंच नाही, त्यामुळे सगळं एकटीलाच करावं लागतंय. नंतर फोन करते हं.'

'सिनियरचं येणं झालंच नाही' ही रचना मुद्दाम केली आहे. ती व्यक्ती पुरुष की स्त्री ते मूळ मेसेजमध्ये नाही, 'आले नाहीत' किंवा 'आल्या नाहीत' लिहिलं की आपण ते ठरवून टाकतो. मराठीत अशा पळवाटा पुष्कळ आहेत आणि त्या माहीत असल्या की काम निम्मं हलकं होतं. 'येईल' आणि 'येणार' यांना लिंग नाही. 'मी फोन केला' हे स्त्री म्हणो की पुरुष, सारखंच. 'आठवण येते', 'जमणार नाही', 'जावं लागेल', 'जेवण झालं?' यांत कोण ते न सांगता भागतं. आणि 'म्हणे' हा तर हिराच. 'बॉक खाव लॅव, खाव वा माय पाय' याचं 'सांगितलं, पण जाणार नाही म्हणे' केलं की तो-तीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून थाईतून इंग्रजी किंवा हिंदीमार्गे मराठीत येऊ नका. इंग्रजीत 'खाव'चा बहुधा 'तो' होतो, हिंदी भविष्यकाळातही लिंग मागते. तिथे एकदा चिकटलेलं लिंग मराठीत गळत नाही.

काही वेळा संदिग्धता चुकून नसते, हेतूनं असते. 'मी खोन खित थुंग' म्हणजे 'कुणीतरी आठवण काढतंय', 'खोन थॅव नी हिव लॅव' म्हणजे 'इथल्या कुणाला तरी भूक लागलीय'. (पहिल्यातला 'मी' म्हणजे 'आहे', आपला 'मी' नव्हे.) माणूस स्वतःबद्दलच बोलतोय, पण आडून. मराठीत आपणही असंच आडून बोलतो, तेव्हा ते तसंच ठेवा. 'मला तुझी आठवण येते' करून टाकलं की तिची लाज आणि चेष्टा दोन्ही गेली.

सर्वनाम मध्येच बदललं तर ती बातमी समजा. 'फी' म्हणणारी अचानक 'खुन' (औपचारिक 'तुम्ही') म्हणायला लागली, स्वतःचं नाव घेणारी 'छन' (साधा 'मी') म्हणू लागली, शेवटचा 'खा' गळला, तर काहीतरी बिनसलंय. मराठीत 'तू'वरून एकदम 'आपण कधी येणार आहात?' वर जावं, तसा तो टोमणा उतरवता येतो. पण आधी तुमचा कागद बघा, कारण काही जोडपी पहिल्यापासून एकमेकांना 'खुन' म्हणतात आणि तिथे त्यात दुरावा नसतो. थाईत हा शब्दांचा पसारा कमी करण्याचा सरकारी प्रयत्नही झाला होता. तेव्हाचे पंतप्रधान फील्ड मार्शल फिबून यांच्या सरकारनं 1942 मध्ये लेखनसुधारणेबरोबर सर्वनामांनाही कात्री लावली. 1944 मध्ये सरकार गेलं आणि तो बेतही गेला.

व्हिसाच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी असे मेसेज भाषांतरित करायचे असतील तर वरच्या पळवाटाही पुरेशा नाहीत. तिथे जोडलेला प्रत्येक कर्ता चौकटी कंसात घाला, आणि ठरवता आलं नाही तिथे [कर्ता मुळात नाही] एवढंच लिहा. सुंदर वाक्य करण्याची ती जागा नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन वापरत असाल तर थेट भाषांतर मागू नका. तुमची चार रकान्यांची यादी आधी द्या आणि प्रत्येक ओळीचा कर्ता कोण असू शकतो, कशावरून, एवढंच विचारा. मराठी वाक्य स्वतः करा.

एवढं करूनही एखादी ओळ अडली आणि पाठवणारी व्यक्ती ओळखीची असेल तर सरळ विचारा. थाईत त्यात काही वावगं नाही, ती माणसंसुद्धा एकमेकांना विचारतात. अडलेल्या वाक्यात कर्त्याच्या जागी 'ख्राय' (कोण) घालायचा: 'ख्राय माय मा खा', कोण आलं नाही? तुम्ही पुरुष असाल तर शेवटी 'ख्रप'. 'माइ थुंग ख्राय', म्हणजे 'कुणाबद्दल म्हणतेस', हेही चालतं, पण ते जरा झोंबू शकतं, शेवटी 'न' जोडायला विसरू नका. मात्र 'खाव रॉ तुआएंग'वाल्या मैत्रिणीला 'खाव म्हणजे कोण?' असं विचारायच्या भानगडीत पडू नका.